तुळशीपत्र ठेवलेला पैसा

आम्ही राहतो त्या मल्हारगंजाला सुभेदार मल्हारराव होळकरांचे नाव आहे. घराबाहेर पडले की एका अंगाला बडा गणपती, आणि दुसऱ्या अंगाला थोडी पायपीट केली तर राजवाडा. लहानपणापासून मी पाकिटांवर हा पत्ता लिहीत आले. शाळेत मुलांना इतिहासही शिकवते. तरीसुद्धा या गृहस्थांच्या घरी पैशाची एक फार शहाणपणाची व्यवस्था होती, हे माझ्या ध्यानात उशिराच आले. ते ज्या निमित्ताने आले ते सांगताना आजही मला संकोच वाटतो. परंतु ते वगळून केवळ खातेवाटणीचा उपदेश करावा, तर तो ऐकण्यात आपला वेळ फुकट जाईल.

आधी माझ्या आईच्या डब्यांविषयी सांगते. माझे वडील येथल्याच एका कापडगिरणीत कामाला होते. पगार रोख मिळे. त्या संध्याकाळी ते नोटांची घडी आईच्या हाती देत आणि आई ती स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या चार पत्र्याच्या डब्यांत वाटून टाकी. पहिला डबा घरभाड्याचा, दुसरा किराण्याचा, तिसरा आम्हा भावंडांच्या फियांचा. चौथा चर्चचा, त्यात रविवारच्या दानाचे पैसे असत आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस-मासळी सोडून जे चार पैसे वाचत, तेही त्यातच पडत. ते गोरगरिबांचे. डब्यांवर नावे लिहिलेली नव्हती. कोणता कशाचा हे घरात सर्वांना ठाऊक असे.

एखाद्या महिन्यात भाड्याच्या डब्यात कमी पडले तर आई चर्चच्या डब्यातून घेई, नाही असे नाही. मात्र घेताना ती एका चिठ्ठीवर रक्कम लिहून ती त्या डब्यात टाकी. पुढच्या पगाराला पहिल्याने चिठ्ठी बाहेर निघे, मग वाटणी. सातवी शिकलेली बाई ती. जमाखर्चाचे शास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते.

मी मात्र पदवी घेतली, अध्यापनाचे शिक्षण घेतले, नोकरीला लागले, आणि माझा पगार बँकेत जमा होऊ लागला. डबे गेले आणि त्यांच्या जागी एक पासबुक आले. आमचे खाते इंदूर बँकेचे होते. तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत, १९२० साली निघालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ इंदौर झाली आणि २०१० साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पासबुकाचा रंग बदलला, आमची रीत तीच राहिली. पगार, ह्यांच्या कामाचे पैसे, मुलांच्या फिया, विम्याचा हप्ता, घरदुरुस्तीसाठी बाजूला काढलेले, सारे एकाच आकड्यात. आकडा मोठा दिसला की आम्हाला श्रीमंत झाल्यासारखे वाटे, लहान दिसला की घरात कुरकुर सुरू होई. त्या आकड्यातले किती खरोखर आमचे आणि किती आधीच कोणाचे तरी होऊन बसलेले आहे, हे पासबुक सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू.

काही वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिने स्वतःच्या शिलकीतले चाळीस हजार रुपये माझ्या हाती दिले. “पावसाळा संपला की करून टाकू,” असे ठरले. मी ते पैसे माझ्या खात्यात भरले. जूनमध्ये छत गळू लागले, पत्रे बदलावे लागले. शाळा सुरू झाल्या, दोन मुलांच्या फिया आणि गणवेश. ऑगस्टमध्ये ह्यांची स्कूटर बिघडली. सप्टेंबरात नात्यात लग्न निघाले, तिथे रिकाम्या हाताने जाणे शक्य नव्हते. यांतला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता, आणि आईचे पैसे आपण खर्च करीत आहोत असे आम्हा दोघांच्या मनात एकदाही आले नाही. ऑक्टोबरात मी पासबुक भरून आणले तेव्हा शिल्लक सहा हजारांच्या आत होती.

आईने विचारले नाही. मीच चाचरत विषय काढला तेव्हा म्हणाली, “होईल ग सावकाश. मला कुठे कचेरीत जायचे आहे?” आणि ते सावकाश होणे दीड वर्ष चालले. रविवारी मिस्सेच्या वेळी ती गीतांचे पुस्तक हातात धरून सगळी गीते म्हणे. मला वाटे, वाचते आहे. ती पाठ म्हणत होती. एके दिवशी सकाळी दारात भाजीवाला आला. आदल्या संध्याकाळी आजींनी शंभराची समजून पाचशेची नोट दिली होती, ती परत करायला तो आला होता. मी त्याचे आभार मानले, नोट घेतली आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिले. त्याच आठवड्यात शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून शस्त्रक्रिया केली.

श्रोतेहो, ह्यात चोर कोणी नव्हते. घरात भांडणही झाले नाही. झाले ते एवढेच, की सामाईक राशीतून ज्या गरजेने मोठ्याने हाक मारली ती भागत गेली. गळके छत ओरडते, शाळेची फी ओरडते, बंद पडलेली स्कूटर तर दारातच उभी असते. म्हातारे माणूस ओरडत नाही. लांबचे शिक्षण, उतारवय, दानधर्म यांनाही आवाज नसतो. त्यांचे पैसे सर्वांत आधी नाहीसे होतात आणि त्याचा पत्ता सर्वांत शेवटी लागतो.

या सुमारास मी वर्गासाठी होळकरांच्या इतिहासाची टिपणे काढीत होते आणि ‘खासगी’ या शब्दाशी थबकले. पेशव्यांच्या सरदाराला जो मुलूख तोडून मिळे तो बहुधा सरंजाम म्हणून. म्हणजे त्याच्या वसुलातून त्याने फौज बाळगायची. फौजेइतका मोठ्याने ओरडणारा खर्च जगात दुसरा नसेल. शिपायांचा पगार थकला की ते सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसत. अशा घरात बायकामुलांच्या, देवाधर्माच्या वाट्याला काय उरावे? १७३४ साली, बाजीराव पेशव्यांच्या अमलात, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे एक निराळी जहागीर करून देण्यात आली. तिचा वसूल सुमारे तीन लक्षांचा होता आणि काही गावे माळव्यात तर काही दक्षिणेत होती. हीच होळकरांची खासगी. राज्याचा आणि फौजेचा जमाखर्च तो दौलतीचा. दोहोंचे गाव वेगळे, वसूल वेगळा, कारभारही वेगळा. नवरा आणि बायको एका घरात, पण तिजोऱ्या दोन. आणि दुसरी तिजोरी बायकोच्या नावावर. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. मल्हाररावांनी घरात नुसतेच “एवढे तुझे” म्हणून सांगितले असते, तर पहिल्याच अडचणीच्या मोहिमेत ते तुझे राहिले नसते.

गौतमाबाई १७६१ साली वारल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्यही सांभाळले. फौजेचे काम तुकोजीरावांकडे असे. ते मोहिमांवर बाहेर, पैशाची निकड कायमची, आणि मागणी महेश्वरी बाईंकडे. या पैशावरून उभयतांत कुरबुरी झाल्या. तरीही काशीला विश्वेश्वराचे देऊळ, गयेला विष्णुपद, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही कामे होत राहिली, ती खासगीच्या बळावर. त्यांविषयी एक गोष्ट सांगतात. मल्हारराव आणि नातू मालेराव दोघेही गेल्यावर राघोबादादांची दृष्टी होळकरांच्या खजिन्यावर गेली. बाईंनी निरोप धाडला, की या पैशावर मी तुळशीपत्र ठेवले आहे. आपण ब्राह्मण आहात, तेव्हा दान म्हणून हवा असेल तर आनंदाने उदक सोडून देते. दादा अर्थातच ते घेणार नव्हते. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तुळशीपत्र ठेवणे म्हणजे काय ते तीत नेमके आले आहे. मी ख्रिस्ती घरातली. आमच्यात तुळशीपत्राचा विधी नाही. पण आईच्या चौथ्या डब्यावर काय ठेवलेले होते, ते मला ही गोष्ट वाचताना कळले.

आता, या व्यवस्थेची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे, कारण तीत आपल्यासारख्यांना दोन इशारे आहेत. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात सामील झाले तेव्हा खासगीची मालमत्ता आणि उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याच्या मोबदल्यात अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढावेत, असे करारात लिहिले गेले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातला खर्च तेवढा होता. त्या वेळी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आसपास मिळे. म्हणजे त्या रकमेत तीसएक किलो सोने आले असते. आज तेवढ्याच रुपयांत तीस ग्रॅमही येणार नाही. नाव राहिले, रक्कम राहिली, पण तिच्यातला जीव महागाईने शोषून घेतला. म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा अमुक रुपये असे एकदा ठरवून दहा वर्षे तेवढेच भरत राहणे पुरेसे नाही. पगार वाढला की तो हप्ताही वाढला पाहिजे, आणि दूरच्या गरजेचा पैसा बचत खात्याच्या तुटपुंज्या व्याजावर पडू देता कामा नये.

दुसरा इशारा हिशेबाचा. १९६२ साली या धर्मादायासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. तिच्याकडे देशभरातल्या २४६ मालमत्ता आल्या. पुढे मालमत्तेच्या विक्रीवरून वाद होऊन प्रकरण न्यायालयांत गेले, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ही सार्वजनिक न्यासाची बाब आहे, कायद्याप्रमाणे तिची नोंदणी झाली पाहिजे आणि झालेल्या व्यवहारांची चौकशी झाली पाहिजे. वेगळी तिजोरी करून भागत नाही. ती उघडून कोणाला तरी दाखवावी लागते.

आमच्या घरी आम्ही काय केले ते आता थोडक्यात सांगते. पगाराचे खाते तसेच ठेवले. त्यातून घरखर्च चालतो. दुसरे खाते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांचे: फिया, विमा, घरपट्टी, नाताळ. या सर्वांची वर्षाची बेरीज केली, बारांनी भागले, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप तिकडे जावी अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवली. समजा जूनमध्ये छत्तीस हजार लागणार, तर दरमहा तीन हजार. गणित तिसरीच्या मुलाचे आहे. पण पूर्वी प्रत्येक जून आमच्यावर आकाशातून कोसळल्यासारखा येई. तिसरे अडीअडचणीचे, घराचा तीन महिन्यांचा खर्च त्यात असावा असा बेत आहे, गाडी दोन महिन्यांपाशी अडली आहे. हे तिसरे आम्ही मुद्दाम दुसऱ्या बँकेत उघडले, म्हणजे तिथवर जायचे पाय जड होतात.

चौथे आईचे. ते तिच्या स्वतःच्या नावावर आहे, वारस म्हणून माझे नाव लावलेले. ह्यांना आधी ते विचित्र वाटले. “एका घरात हे तुझे-माझे कशाला?” असे म्हणाले. मी त्यांना गौतमाबाईंची जहागीर सांगितली. पटले की नाही ठाऊक नाही, पण अर्ज त्यांनीच भरून दिला.

मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी खाते आहे. ही योजना २०१५ साली निघाली. मुलगी दहा वर्षांची होण्याच्या आत खाते उघडावे लागते, पंधरा वर्षे पैसे भरायचे, आणि एकवीस वर्षांनी मुदत संपते. उच्च शिक्षणासाठी मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिलकेपैकी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मध्येच काढता येत नाही म्हणून पुष्कळजण नाके मुरडतात. मला तोच तिचा गुण वाटतो. पत्रे गळू लागले तरी त्या पैशाला मी हात लावू शकत नाही. ज्यांना इतके लांबचे नको त्यांना पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते आहे. महिना शंभर रुपयांपासून ते चालते.

अमेरिकेतील रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी माणसे मनातल्या मनात पैशाचे असे कप्पे कसे करतात याचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कप्प्यांमुळे माणसे वेड्यासारखी वागतात तेही त्यांच्या विषयात येते. एका कप्प्यात चार टक्क्यांवर पैसा पडून आहे आणि दुसऱ्या हाताने शेकडा बारा व्याजाने कर्ज घेतले आहे, हा शुद्ध तोटा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्याही पुढे जाते. अशा वेळी कप्पे राहू द्यावेत आणि आधी ते देणे फेडावे. साध्या कर्जाच्या बाबतीत मात्र मी इतकी ठाम नाही. शहाणा हिशेबनीस म्हणेल, आईच्या खात्यातले घेऊन कर्ज फेड आणि मागाहून भर. एकदा मी तसेच केले होते. “मागाहून” म्हणजे दीड वर्ष, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा घ्यायचेच झाले तर आईची चिठ्ठीची पद्धत. आमच्याकडे वहीत लिहितो: कोणत्या खात्यातून, किती, केव्हापर्यंत परत.

खाती फार वाढवू नयेत. काही बँकांत किमान शिल्लक न राखल्यास दंड लागतो. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे हक्क न सांगितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ती मागता येते, पण त्यासाठी हेलपाटे पडतात. आणखी एक गैरसमज पुष्कळांचा असतो. बँक बुडाली तर ठेवीला विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पण ते दर खात्याला नव्हे, एका बँकेत एका माणसाला. एकाच बँकेत स्वतःच्या नावे पाच खाती केली, दोन निरनिराळ्या शाखांत केली, तरी मुद्दल आणि व्याज मिळून एकत्रच मोजतात. ज्यांची शिल्लक तेवढी मोठी आहे त्यांनी बँकाच वेगळ्या कराव्यात. आमच्यासारख्यांना तूर्त ती विवंचना नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सेहून आल्यावर, आम्ही सारी पासबुके टेबलावर मांडतो. मुलगी वही धरते, मुलगा कंटाळतो, हे चहा करतात. आईचे पासबुक आई स्वतः वाचते, मोठ्याने, एकेक ओळ. गेल्या महिन्यात तिला त्यात सतरा रुपये सत्तर पैशांची कपात आढळली आणि ती कशाबद्दल असे तिने मला विचारले. बँक मोबाईलवर संदेश पाठवते त्याचे असावेत, असे मी म्हणाले. “मला तर एकही आला नाही,” आई म्हणाली. सोमवारी शाळेतून परतताना बँकेत विचारून येईन, असे मी कबूल केले आहे.